पाणी एक, वाटेकरी अनेक : मामा तलावांची किल्ली कोणाकडे?

करडी (जि. भंडारा) : मोहाडी तालुक्यातील करडी-पालोरा परिसराच्या एका अंगाला वैनगंगा वाहते, तर दुसऱ्या अंगाला कोका अभयारण्याचे जंगल आहे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात धानाच्या बांध्या पसरल्या आहेत. नदी जवळ असली तरी झाडीपट्टीतील धानशेतीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार तलाव आणि बोड्या हाच राहिला आहे. भंडाऱ्याला ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात ते उगाच नव्हे. जिल्ह्यात आजही हजाराहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून सरकारी कागदांत आणि लोकांच्या बोलण्यात त्यांचे नाव ‘मामा तलाव’ असे पडले.

या तलावांविषयी बोलताना बहुधा गाळ, अतिक्रमण आणि निधी यांचीच चर्चा होते. हे प्रश्न खरेच आहेत. मात्र त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न वेगळा आहे. तलावाचे दार केव्हा उघडायचे, किती पाणी सोडायचे आणि उन्हाळ्यासाठी किती राखायचे, हे ठरवणार कोण? धान उत्पादक, मासेमार, गुराखी, पक्षी आणि पर्यटक या सर्वांचे भवितव्य या एका निर्णयावर अवलंबून असते.

मालगुजारांचा तलाव, गावाची व्यवस्था

पूर्व विदर्भात वर्षाला सरासरी १२०० ते १४०० मिलीमीटर पाऊस पडतो. तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो आणि उताराच्या जमिनीवरून वाहून जातो. धानाला मात्र रोवणीपासून लोंबी भरेपर्यंत पाणी लागते. या अडचणीवरचा उपाय म्हणजे टेकड्यांमधील उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवणे. गोंड राजांच्या काळापासून हे काम येथे होत आले. तलाव बांधण्यात कोहळी समाजाने विशेष कौशल्य मिळवले. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पुढे भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या अमदानीतही तलाव बांधले गेले.

सन १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. त्यानंतरच्या जमीन बंदोबस्तात मालगुजारांना गावावरील मालकी हक्क मिळाले. तलावही त्यांच्याकडे आले. मात्र कागदावरील मालकी एकाची असली तरी वापर साऱ्या गावाचा होता. कोणत्या बांध्यांना पाणी मिळायचे, गुरे कोठे उतरायची, मासे कोणी धरायचे याच्या रीती ठरलेल्या होत्या. त्यांपैकी अनेक ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि ‘निस्तार पत्रक’ या दस्तऐवजांत नोंदल्या गेल्या. निस्तार म्हणजे दैनंदिन गरजांसाठी गावाच्या सामाईक साधनांवर असलेला गावकऱ्यांचा हक्क.

ही व्यवस्था आदर्श होती असे समजणे चूक ठरेल. मालगुजाराचा शब्द अखेरचा असे, आणि पाळीवर माती टाकणाऱ्यांत वेठीने आलेलेही असत. तथापि, पाळ फुटली तर कोणाला बोलवायचे आणि पाणी कोणाच्या शब्दावर सुटणार, याविषयी कोणाला शंका नसे.

१९५१ नंतर काय झाले?

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव शासनाच्या मालकीचे झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पश्चिम महाराष्ट्राच्या नदी-कालव्यांचा अनुभव असलेल्या प्रशासनाला झाडीपट्टीतील हजारो लहान तलावांचा हा पसारा नवा होता.

मालगुजारी गेली हे योग्यच झाले. परंतु मालगुजाराबरोबर तलावाची जबाबदारी घेणारी व्यक्तीही गेली आणि तिच्या जागी अनेक कार्यालये आली. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. काही मोठे मामा तलाव पाटबंधारे विभागाकडे असून भंडारा जिल्ह्यात त्यांची संख्या २८ आहे. मासेमारीचा ठेका, गाळपेर जमिनीचा वापर, जमिनीच्या नोंदी, वनहद्दीतील तलाव हे विषय वेगवेगळ्या यंत्रणांच्या अखत्यारीत येतात. पाणी निस्तारी हक्काने विनामूल्य घ्यायचे की त्यावर पाणीपट्टी भरायची, हा वादही दीर्घकाळ चालला. त्या वादात दुरुस्ती मागे पडली. तलावाचे मालक शासन झाले, त्यामुळे पाळीवर चार टोपल्या माती टाकण्याचे काम आपले आहे असे गावाला वाटेनासे झाले.

दार उघडण्याचा प्रश्न

सप्टेंबरच्या अखेरीस पावसाने पाठ फिरवली की भारी धान ऐन निसवण्याच्या वेळी पाण्यावाचून अडकते. अशा वेळी तलावाचे एक पाणी हाती येऊ घातलेले पीक वाचवते. मामा तलावांचे मूळ प्रयोजन हेच आहे आणि त्याबद्दल गावात मतभेद होत नाहीत. पेच सुरू होतो तो त्यानंतर. उरलेले पाणी उन्हाळी धानाला सोडले तर काही शेतकऱ्यांना दुसरे पीक मिळते. मात्र मार्च-एप्रिलमध्ये तलावाचा तळ उघडा पडतो.

तळ उघडा पडला की पहिला फटका मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला बसतो. त्यांच्या सहकारी संस्थांनी ठेका भरलेला असतो, मत्स्यबीज सोडलेले असते. पाणी उतरले की मासा पूर्ण वाढण्याआधीच काढावा लागतो आणि मिळेल त्या भावात विकावा लागतो. टोपली घेऊन गावोगाव मासे विकणाऱ्या ढिवर स्त्रियांच्या मिळकतीवर त्याचा थेट परिणाम होतो. गुरांना पाणी मिळत नाही. भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाते. जंगलालगतच्या गावांत तर तलाव आटले की वन्यप्राणी पाण्याच्या शोधात वस्तीजवळ येण्याचा धोका वाढतो. २०१३ मध्ये घोषित झालेल्या कोका अभयारण्याच्या शेजारी असलेल्या करडी परिसराला हा मुद्दा नवा नाही.

शेतकऱ्याने पाणी मागणे अन्यायाचे नाही आणि मासेमाराने ते राखा म्हणणेही अन्यायाचे नाही. दोघांचे म्हणणे एकाच बैठकीत ऐकून, पावसाळा संपताच पाण्याचा हिशेब मांडून निर्णय करणारी व्यवस्था नाही, हे खरे दुखणे आहे.

गाळ : किती काढायचा, कोठून काढायचा?

तलावाच्या साठवणीचे गणित साधे आहे. एक हेक्टर क्षेत्रावर एक फूट पाणी म्हणजे सुमारे तीन हजार घनमीटर, अर्थात तीस लाख लिटर. दहा हेक्टरच्या तलावातून एक फूट गाळ निघाला तर तीन कोटी लिटर पाण्याची जागा तयार होते. धानाला ७५ मिलीमीटरचे एक संरक्षित पाणी द्यायचे म्हटले तर, पाटातील गळती सोडून, ते सुमारे चाळीस हेक्टरला पुरते. एका फुटाचे मोल एवढे आहे.

२०१७ मध्ये राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. तलावातील सुपीक गाळ शेतात नेण्याची जुनी रीतच तिने नव्याने आणली. केंद्राच्या २०२२ मधील ‘अमृत सरोवर’ अभियानाने प्रत्येक जिल्ह्यात ७५ जलाशयांचे उद्दिष्ट ठेवले. या कामांचा लाभ निश्चितच आहे, परंतु गाळ काढण्याचेही शास्त्र आहे. यंत्राने सरसकट खोल खणले तर तळाचा पाणी धरून ठेवणारा थर फुटतो आणि पाणी झिरपून जाते. तलावाच्या कडेचा उथळ भाग खरवडला तर माशांची अंडी घालण्याची जागा आणि पक्ष्यांचे चरण्याचे क्षेत्र नष्ट होते. पाळीच्या पायथ्याशी खणले तर पाळच कमकुवत होते. शिवाय गाळाच्या नावाखाली मुरूम उचलला गेला तर शेताला काहीच मिळत नाही. म्हणून गाळ मध्यभागातून, ठरलेल्या खोलीपर्यंत काढावा आणि उथळ कड शाबूत ठेवावी, हे पथ्य पाळले पाहिजे.

गाळ वर्षानुवर्षे येतच राहतो, हेही विसरून चालणार नाही. पाणलोटातील झाडोरा गेला आणि उताराची जमीन उघडी पडली, तर काढलेला गाळ काही पावसाळ्यांत परत येतो. येथील तलाव बहुधा साखळीने आहेत, वरच्याचा सांडवा खालच्यात उतरतो. त्यामुळे एकट्या तलावाची दुरुस्ती करून भागत नाही.

तळाची वनस्पती, माशांचे घर

तलाव निरोगी आहे की नाही, हे केवळ पाण्याच्या पातळीवरून कळत नाही. पाण्याखाली वाढणाऱ्या, पृष्ठभागावर तरंगणाऱ्या आणि काठावरच्या अशा तीन प्रकारच्या वनस्पती तलावात असतात. मासे त्यांत अंडी घालतात, पिले लपतात, बदके आणि पाणकोंबड्या त्यांवर जगतात. काठावर बेशरम माजली किंवा पाण्यावर जलपर्णी पसरली की ही रचना कोलमडते. शेतातून वाहून येणारी रासायनिक खते या वाढीला खतपाणीच घालतात.

मत्स्यव्यवसायाच्या धोरणाने कटला, रोहू, मृगळ या जलद वाढणाऱ्या जातींवर भर दिला. त्यांनी उत्पन्न दिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांचे बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते. मरळ, मागूर यांसारखे स्थानिक मासे तलावातच वाढतात, भावही चांगला मिळवून देतात. त्यांना हवी असते ती योग्य वनस्पती आणि उन्हाळ्यातही टिकणारे पाणी.

या दिशेने झालेला एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्या शेजारीच आहे. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजाच्या मासेमार संस्थांबरोबर तलाव पुनरुज्जीवनाचे काम केले. बेशरम उपटून काढणे, तलावाचा तळ नांगरणे, स्थानिक जलवनस्पती लावणे आणि स्थानिक मासे पुन्हा वाढू देणे, असे त्याचे स्वरूप आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ज्ञान जुन्या मासेमारांकडून घेतले गेले आणि लागवडीच्या कामात स्त्रियांचा मोठा वाटा राहिला. या कामात माणसांचे श्रम आणि अनुभव हेच मुख्य भांडवल आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पक्ष्यांच्या दृष्टीनेही हे तलाव मोलाचे आहेत. महाराष्ट्रात सारस क्रौंच आज प्रामुख्याने गोंदिया-भंडारा भागातच उरला आहे. तो धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी घरटे करतो. त्याच्या संरक्षणाच्या प्रश्नाची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. सारसाचे रक्षण म्हणजे पर्यायाने धानशेती आणि उथळ काठ यांचेच रक्षण होय.

पर्यटन : उत्पन्न आणि इशारा

नवेगावबांध, तुमसर तालुक्यातील चांदपूर, भंडाऱ्याजवळील रावणवाडी, रामटेकजवळील खिंडसी ही स्थळे सहलीसाठी विदर्भात परिचित आहेत. लहान गावांच्या तलावांनाही सहलीतून उत्पन्न मिळू शकते. पक्षीनिरीक्षण, पाळीवरील पायवाट, स्थानिक मासळीचे जेवण, घरगुती निवास यांसाठी मोठ्या बांधकामाची गरज नसते. कोका आणि नागझिऱ्याकडे येणाऱ्या पर्यटकांपैकी काहीजण गावात थांबले तर रोजगाराची भर पडेल.

मात्र दोन अलीकडच्या घटनांनी दिलेला इशारा विसरता येणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकाचा वाद त्यानंतर उच्च न्यायालयात गेला. सांडव्याच्या वाटेत सुशोभीकरण करू नये, हा त्याचा धडा. दुसरी घटना गुजरातमधील वडोदरा येथील हरणी तलावाची. १८ जानेवारी २०२४ रोजी तेथे सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षक मृत्युमुखी पडले. नौकाविहार सुरू करायचा तर जीवरक्षक जाकिटे, बोटीची प्रवासीक्षमता आणि प्रशिक्षित माणूस या गोष्टींत तडजोड चालणार नाही.

सुशोभीकरणाचा अर्थ काठावर काँक्रीट ओतणे असाही होऊ नये. दगडी भिंतीने बंदिस्त केलेल्या तलावात उथळ कड उरत नाही आणि कड गेली की जे पाहायला पर्यटक येतात तेच नाहीसे होते.

कायदा काय सांगतो?

सार्वजनिक तलाव ही समाजाची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात स्पष्ट केले. जगपालसिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी व तलावांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश राज्यांना दिले. तरीही २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या जलाशय गणनेत २४ लाख २४ हजार ५४० जलाशयांपैकी ३८ हजार ४९६ ठिकाणी अतिक्रमण आढळले.

एक उणीव येथे नमूद करणे आवश्यक आहे. २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांत सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळले आहे. मामा तलाव सिंचनासाठीच बांधलेले असल्याने, त्यांत सारस वा हजारो बदके उतरत असली तरी या नियमांचे कवच त्यांना सहजी लाभत नाही.

अन्य कायद्यांत मात्र गावाला बराच आधार आहे. राज्याच्या २००५ च्या कायद्याने पाणीवाटप शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवण्याची तरतूद केली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात समिती आणि जैवविविधता नोंदवही असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र वननिवासी गावांना पाणवठ्यांतील मासे व इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्क मान्य केला. अडचण एवढीच की पाणीवापर संस्थेत शेतकरी असतो, मासेमार संस्थेत ढिवर असतो आणि दोघांना एकत्र बसवण्याची सक्ती कोणताच कायदा करत नाही.

गावाने काय करावे?

पहिले काम हद्दीचे. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जेथपर्यंत पोहोचते ती रेषा मोजणी करून खुणांनी कायम करावी. अतिक्रमणाची सुरुवात बहुधा उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीतून होते. निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि सातबारा यांच्या नकला ग्रामपंचायतीच्या दप्तरी असाव्यात. त्या मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे.

दुसरे काम हिशेबाचे. पाण्यात मोजपट्टी रोवून ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेत साठा जाहीर करावा. किती पाणी धानाला, किती गुरांना आणि कोणत्या खुणेखाली दार उघडायचे नाही, हे त्याच सभेत लिहून ठेवावे. पाणीवापर संस्था, मासेमार संस्था, महिला बचत गट आणि भूमिहीन गुराखी यांचे प्रतिनिधी त्या निर्णयात असावेत.

तिसरे काम पैशाचे. ठेका, शिंगाडा आणि पर्यटन यांतून येणाऱ्या रकमेचा ठराविक भाग पाळ, सांडवा आणि दाराच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. पावसाळ्यापूर्वी पाळीवरील बिळे बुजवणे आणि सांडवा मोकळा करणे ही स्वस्त कामे आहेत. ती टळली की महाग कामे उभी राहतात.

सामाईक साधने वापरणारे लोक स्वतः नियम करून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात, हे अभ्यासाने दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. झाडीपट्टीतील गावांना ही गोष्ट अपरिचित नाही. जुन्या व्यवस्थेत मालगुजाराचा वरचष्मा होता, नंतरच्या व्यवस्थेत कार्यालयांचा आला. ज्यांचे पोट तलावावर आहे त्या सर्वांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची वेळ मात्र दोन्ही वेळा राहून गेली. येत्या ऑक्टोबरमध्ये एखाद्या ग्रामसभेने आपल्या तलावाचे पाणी मोजून त्याचा हिशेब फळ्यावर लिहिला, तरी त्या कामाची सुरुवात होईल.